धायगुडे साहेब आणि माझी स्प्रिंग

धायगुडे साहेबांच्या घरात स्प्रिंग नाही. हे मी अलंकारिक बोलत नाही, कोणीही जाऊन शोधावं. कपडे वाळत घालायला चिमटे नाहीत. काथ्याच्या दोरीला पीळ देऊन त्या पिळात धोतराची, पंच्यांची टोकं अडकवलेली असतात. खटका दाबून उघडायचं बॉलपेन नाही, टोपणाचं आहे. बटण दाबलं की उघडणारी छत्री मुलीने हौसेने आणली, ती त्यांनी वॉचमनला देऊन टाकली आणि वर त्यालाच बजावलं, की ऐन वेळी उघडली नाही तर माझ्याकडे रडत यायचं नाही. जावयाने पाठवलेला सोफा टेम्पोतून उतरला आणि त्याच टेम्पोतून परत गेला. दिवाणखान्यात चार लाकडी खुर्च्या आहेत. त्यांवर पाहुणा फार वेळ टिकत नाही, पण साहेबांना त्याचं दुःख आहे असं कधी दिसलं नाही.

भाजीवालीच्या हातात लटकवायचा काटा दिसला की साहेब पिशवीची घडी घालतात. "बाई, हा स्प्रिंगचा काटा आहे. तागडी आणा, मग वांग्यांचं बोलू." स्वारगेटहून बसने यायचं झालं तर उभ्याने येतात. खाली बसलं की सीटच्या आतून कुरकुर ऐकू येते आणि ती ऐकून त्यांचं डोकं फिरतं. "दाबून ठेवलेल्या वस्तूचा भरवसा काय?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीत ते लहान पोरांनाही पाठ आहे.

एकदा मी त्यांना खिंडीत गाठायचं ठरवलं. म्हटलं, साहेब, दिव्याच्या बटणातही बारीकशी स्प्रिंग असते, कुलपातही असते, मग ती कशी चालते? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "जगताप, दिवा लागला नाही तर कोणाचा हात जात नाही." आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

वाचकांना वाटेल, आहे एक विक्षिप्त म्हातारा, हसावं आणि सोडून द्यावं. बाकीचे तसंच करतात. मला मात्र हसता येत नाही, कारण ती स्प्रिंग माझी होती.

धायगुडे साहेब पोलिसात फौजदार आणि मी मुख्यालयाच्या शस्त्रागारात आर्मोरर हवालदार. म्हणजे हत्यारं उघडायची, पुसायची, तेल द्यायचं, बिघडलेली दुरुस्त करायची, हे माझं काम. निवृत्तीनंतर आम्ही पोलिसांच्याच सोसायटीत एका जिन्यावर समोरासमोर राहायला आलो, आणि माझ्या नशिबाचे भोग तिथून नव्याने सुरू झाले. साहेब माझी ओळख करून देतात ती अशी: "हे आमचे जगताप. मुख्यालयात स्प्रिंगा यांच्याकडे असायच्या." एवढं बोलून ते थांबतात. समोरचा विचारतोच, म्हणजे काय? की मग साहेब खुर्ची पुढे ओढून सगळी हकिगत सांगतात. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या लोकांनाही त्यांनी ती सांगितली. लग्न जमलं, पण माझे व्याही अजून माझ्या हातच्या कुठल्याही दुरुस्तीकडे संशयाने बघतात. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा आयटीतला मुलगा परवा जिन्यात मला म्हणाला, "अंकल, ती स्प्रिंगची स्टोरी तुमचीच ना? सो सॅड." मी त्याला म्हटलं, तुझा लॅपटॉप सांभाळ.

आता ती हकिगत. साहेब सांगतात ती नव्हे, खरी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या खात्यात हत्यारांची पूजा होते. शस्त्रागारात बंदुका मांडायच्या, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची, नारळ फोडायचा. आणि पूजा उरकून साहेब लोक पेढे खाऊन गेले की मी आणि माझी दोन माणसं संध्याकाळपर्यंत एकेक हत्यार उघडून पुसत बसायचो. कुंकू ओलं असतं, वाळलं की घट्ट बसतं. देवाचं देवाला आणि यंत्राचं यंत्राला, असा आमचा शिरस्ता होता.

धायगुडे साहेब मात्र आपलं पिस्तूल पूजेला घरी न्यायचे. त्यांच्या पत्नीची, सुमनवहिनींची, तशी श्रद्धा होती. ते न्यायचे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. त्या वर्षीही नेलं. वहिनींनी पाटावर मांडलं, पूजा केली. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याच्या सकाळी, खबर आली, की बरेच दिवस हवा असलेला एक गुंड कसब्यात एका बोळात बहिणीकडे सणाला आलाय. साहेबांनी पिस्तूल धडप्याने वरवर पुसलं, मॅगझिन भरलं आणि बबनला घेऊन निघाले.

बबन कदम हा त्यांचा शिपाई. मुळशीकडच्या खेड्यातला, सख्खी बहीण नसलेला. वहिनींना सख्खा भाऊ नव्हता. पहिल्याच वर्षी त्या म्हणाल्या, भाऊबीजेला ये, आणि तेव्हापासून तो ताई म्हणायला लागला. दळण आणण्यापासून साहेबांच्या मुलीला शाळेत सोडण्यापर्यंत तो घरचाच झाला होता.

बोळात तो गुंड कोयता घेऊन अंगावर आला. साहेबांनी पहिली गोळी हवेत झाडली. ती उडाली. दुसरी उडाली नाही. घोडा ओढला, नुसता खट्ट आवाज झाला. तेवढ्या वेळात बबन मध्ये पडला आणि कोयता त्याच्या उजव्या मनगटावर बसला. गुंड पकडला गेला, बबनचा हात वाचला, म्हणजे अंगाला राहिला. पण बोटं पुन्हा मिटली नाहीत. पुढची सगळी नोकरी त्याने टपालाच्या टेबलावर काढली.

दुपारी हत्यार तपासायला माझ्याकडे आलं आणि हत्याराबरोबर साहेबही आले. दारावर झेंडूचं तोरण होतं. साहेबांच्या बाहीवर बबनचं रक्त वाळलेलं होतं. मी म्हटलं, घरी जाऊन कपडे तरी बदला. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "उघडा."

मी आधी पिस्तूल पाहिलं. नळी साफ होती. वरचा भाग मागे ओढला, सोडला, नीट जाऊन बसला. घोड्यात दोष नव्हता. मग मॅगझिन हातात घेतलं. गोळ्या याच्यात एकावर एक बसतात आणि खालची स्प्रिंग त्यांना वर ढकलत राहते, म्हणजे एक उडाली की दुसरी तिच्या जागी येते. वरची गोळी मी अंगठ्याने दाबली. ती खाली गेली आणि खालीच राहिली. साहेब लगेच म्हणाले, स्प्रिंग गेलेली आहे. मी म्हटलं, थांबा. गोळ्या काढल्या, मॅगझिनचं बूड सरकवलं, तशी स्प्रिंग अशी उसळून बाहेर आली की मला दोन्ही हातांनी धरावी लागली. नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून पाहिली, उंचीला सूतभरही कमी नव्हती. मग गोळ्यांखालची पट्टी कशाने अडली? मी रिकामं मॅगझिन पांढऱ्या फडक्यावर उलटं धरून ठोकलं.

तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवात भिजून वाळलेला, लाल. अक्षत.

साहेबांनी वाकून तो दाणा तळहातावर घेतला. मग म्हणाले, "मॅगझिन मी ताटात उघडंच ठेवलं होतं. तिने अक्षता दोनदा वाहिल्या. एकदा माझ्या नावाने आणि एकदा बबनच्या."

  पुसायचं काम त्यांचं होतं, ते त्यांनी केलं नव्हतं, आणि हे मला सांगायची गरज नव्हती. ते स्वतःच म्हणाले, चूक माझी आहे, पण तिला हे कळलं तर ती तसं ऐकणार नाही. ती एवढंच धरून बसेल, की माझ्या हातच्या अक्षतांनी माझ्या भावाचा हात गेला. मग त्यांनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. हा दाणा सापडला हे कोणाला सांगायचं नाही. आणि चौकशीत विचारलं तर म्हणायचं, स्प्रिंग कमजोर होती.

पहिली गोष्ट मी कबूल केली. दुसरी नाही. अहो, कशी करणार? त्या शस्त्रागारात माझी उमेदीची वर्षं गेली होती. प्रत्येक स्प्रिंग मी हाताने तपासलेली. ती कमजोर होती म्हणजे मी झोपा काढत होतो, असाच अर्थ झाला. चौकशीच्या साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, हत्यारात दोष होता का? मी म्हणालो, नाही साहेब. ते खरं होतं. हत्यारात दोष नव्हता म्हणजे ज्याच्या हातात ते होतं त्याने निगा राखली नाही, असा निकाल लागला. तोही खरा होता. धायगुडे साहेबांची बढती अडली ती अडलीच. त्यांच्या बरोबरीचे लोक मोठमोठ्या गाड्यांतून फिरायला लागले, हे मात्र दोन स्टारवर निवृत्त झाले.

साहेबांनी मला या गोष्टीची माफी दिली नाही. मीही त्यांना दिली नाही. त्यांचं म्हणणं, एका शब्दाने तुमचं काय बिघडलं असतं? माझं म्हणणं, तुमच्या घरातली गोष्ट माझ्या कामावर का टाकता? हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवलं ते एकदाच. त्यानंतर साहेबांनी त्यावर माझ्याशी बोलणं सोडलं आणि मोहीम सुरू केली. आधी कचेरीत, मग नातेवाइकांत, मग सोसायटीत. स्प्रिंग, स्प्रिंग, स्प्रिंग. घरातले चिमटे गेले, पेनं गेली, सोफा गेला. लोक म्हणायला लागले, धायगुड्यांचं डोकं फिरलं. मला ठाऊक होतं की डोकं जागेवर आहे. वहिनींच्या कानावर दिवसातून चार वेळा स्प्रिंग पडावी, दुसरं काही मनात यायला जागाच राहू नये, एवढ्यासाठी तो सगळा खटाटोप होता. दोरीला पीळ देऊन वाळत घातलेले पंचे वाऱ्याने उडून माझ्या खिडकीत यायचे, तेव्हा ते परत देताना मला हसावं की डोकं आपटावं ते कळायचं नाही.

वहिनींनी मात्र माझ्याशी अबोला धरला. उघड नाही. त्या बाई सभ्य होत्या. जिन्यात भेटल्या की "बरं आहे ना भाऊजी" म्हणायच्या, पण थांबायच्या नाहीत. दिवाळीचा फराळ आमच्याकडे यायचा, पण सगळ्यात शेवटी, डब्याच्या तळाचा, मोडक्या चकल्यांचा. ज्याच्या हलगर्जीपणाने भावाचा हात गेला त्याला याहून जास्त काय द्यायचं? माझी बायको चिडायची. म्हणायची, तुम्ही असं केलंत तरी काय त्यांचं? मी तिलाही सांगितलं नाही. शब्द दिला होता. भाऊबीजेला समोरच्या दारातून ताटाचा उजेड दिसायचा. बबन डाव्या हाताने ओवाळणी घालायचा आणि जाताना माझ्या दाराकडे न बघता जिना उतरायचा.

एकदाच, एकदाच फक्त वहिनी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेब पेन्शनच्या कामाला गेले होते. म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. स्प्रिंगच होती ना हो?"

मला तो प्रश्न टोमण्यासारखा लागला. मी म्हटलं, ते साहेबांनाच विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. त्या तशाच परत गेल्या.

गेल्या वर्षी वहिनी वारल्या. थोड्याच दिवसांचं दुखणं झालं. साहेब हॉस्पिटलात लाकडी स्टूल मागून घेऊन बसायचे, तिथल्या खुर्चीला गादी होती म्हणून. नर्सेस हसायच्या. मी नाही हसलो.

दहावा झाल्यावर एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. चहा झाला. मी मनाशी वाक्यं जुळवून गेलो होतो. म्हटलं, साहेब, वहिनी गेल्या. आता कोणाचं मन दुखवायचं राहिलेलं नाही. आता चार लोकांना खरं काय ते सांगा. माझंही वय झालं. मला स्प्रिंगवाला म्हणून मरायचं नाही.

ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "ती होती तोवर एखादे वेळी सांगितलंही असतं, जगताप. रडली असती. मग माझ्याशी भांडली असती, म्हणाली असती, पुसायचं काम तुमचं होतं, माझ्यावर कशाला टाकता. आता तिच्यावर टाकलं तर तिच्या बाजूने बोलणार कोण?"

मला राग आला. इतक्या वर्षांचा साठलेला आला. मी विचारलं, "आणि माझ्या बाजूने?"

"तुम्ही आहात की अजून," ते म्हणाले.

पुण्यात असं उत्तर मिळालं की माणूस चप्पल घालून निघतो. मी निघालो. ठरवलं, की आता आपणच सांगायचं. शब्द दिला होता तो त्या बाईसाठी, ती आता नाही. गोडाच्या जेवणाला सगळे येतील, बबनही येईल. तिथेच, सगळ्यांदेखत. एक वाक्य बोललं की झालं.

चौदाव्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये पानं मांडली. बबन आला होता. केस पांढरे झाले होते, उजवा हात कोटाच्या खिशात. नेमका माझ्या शेजारच्या पानावर येऊन बसला. इतक्या वर्षांत तो माझ्याशेजारी कधी बसला नव्हता. साहेब स्वतः जिलबीचं ताट घेऊन वाढत होते. मी घसा साफ केला. तेवढ्यात बबनच माझ्याकडे झुकला.

"दादा, एक इचारू का? ताई हास्पिटलात मला म्हनली, बबन, त्या दिशी पूजा करताना अक्षता मॅगझिनवर पडल्या हुत्या. त्याच्यानं तर तुजा हात गेला नसंल? मी म्हनलं, काय बी काय ताई, साहेब सांगत्यात की स्प्रिंग हुती. तर म्हनली, साहेब लई जोरात सांगत्यात, म्हनून तर भ्या वाटतंय." त्याने डाव्या हाताने पानातलं मीठ उगाच सारखं केलं. "तुमी उघडलं हुतं ते. तुमास्नी ठाव हाय. ताईच्या मनात हे ऱ्हाऊन गेलं, त्याचं मला लई वाईट वाटतंय. तिचं म्हननं खरं हुतं का?"

त्या माझ्या दारात येऊन कशाला उभ्या राहिल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. चिमटे, पेनं, सोफा, सगळी मोहीम, माझी इतक्या वर्षांची बदनामी, काही म्हणजे काही उपयोग झाला नव्हता. बाई ते घेऊनच गेली. मी वर पाहिलं. साहेब दोन पानं पलीकडे ताट धरून थांबले होते. त्यांना ऐकू गेलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, जिलब्यांकडे बघत होते.

"नाही बबन," मी म्हणालो. "तसं काही नव्हतं. स्प्रिंगच होती. पार मेलेली होती. मी आधीच बदलायला हवी होती."

"म्हंजी साहेब खरं बोलत हुते."

"हो."

त्याने सुस्कारा सोडला. सुटल्यासारखा. मग माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि आपलं पान उचलून समोरच्या ओळीत जाऊन बसला. मला ते अपेक्षित होतं, तरी लागलं. चांगली स्प्रिंग होती हो ती. मी स्वतः तपासलेली.

साहेब ताट घेऊन माझ्यासमोर आले. मला मधुमेह आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सोसायटीत तेही त्यांनीच सगळ्यांना सांगितलेलं आहे. तरी न विचारता त्यांनी माझ्या पानात दोन जिलब्या वाढल्या आणि तिथेच उभे राहिले. मी त्या खाली मान घालून खाल्ल्या.